ठाणे अंमलदाराच्या टेबलापासून अभिलेख कक्षापर्यंत

तालुक्याच्या गावी कोणाला अटक झाली, तर ती वार्ता एसटी स्थानकाबाहेरच्या हॉटेलात, न्हाव्याच्या दुकानात आणि बाजार समितीच्या आवारात इतक्या त्वरेने पोहोचते, की आरोपीच्या घरच्यांनाच ती सर्वांत उशिरा कळली असे वाटावे. परंतु त्याच माणसावरचा खटला पुढे चालला की नाही, चालला असल्यास कोणत्या न्यायालयात चालला, आणि अखेर त्याला शिक्षा झाली की तो निर्दोष सुटला, हे त्याच गावातल्या दहा जाणत्या माणसांना विचारून पाहावे, म्हणजे दहांतून एकालाही ते निश्चयपूर्वक सांगता येत नाही असा अनुभव येतो. वास्तविक या दोन टोकांमधला जवळजवळ प्रत्येक टप्पा सरकारी कागदावर उमटलेला असतो, त्या कागदाला क्रमांक असतो, तो कोठल्या तरी कपाटात किंवा संगणकात राहतो, आणि त्यातला बराचसा भाग पाहण्याचा अधिकार कायद्याने सामान्य नागरिकाला दिलेला आहे. ज्याच्या हाती अधिकारपद नाही आणि ज्याने वकिलीही केलेली नाही, अशा माणसाने महाराष्ट्रातल्या एखाद्या तालुक्यात हा माग कसा काढावा आणि कोणत्या दारापाशी थांबावे, हे या प्रकरणात सांगावयाचे आहे.

न्यायाचा कागद चारचौघांसमोर असावा ही कल्पना इंग्रजांनी या देशात आणली, असा एक समज प्रचलित आहे. तो पुरता खरा नव्हे. शिवकालात आणि पुढे पेशवाईत वतनाचा वा हद्दीचा तंटा गोतसभेपुढे आला, म्हणजे वादी-प्रतिवादींकडून आधी 'राजीनामा' लिहून घेत. त्या काळी या शब्दाचा अर्थ नोकरी सोडणे असा नसून, सभेचा निर्णय आम्हांस राजीखुशीने मान्य होईल, असा होता. नंतर जामीन घेत, साक्षी होत, आणि निर्णयाचा महजर सिद्ध झाला की त्याच्यावर देशमुख-देशपांड्यांपासून बलुतेदारांपर्यंत सर्वांच्या साक्षी पडत. पाटील नांगराची निशाणी काढी आणि अक्षरशत्रू बलुतेदार आपापल्या धंद्याचे हत्यार रेखाटीत. हरलेल्या पक्षाला 'येजितखत' म्हणून आपल्या पराजयाची कबुली स्वतः लिहून द्यावी लागे. असे कागद पुण्याच्या पेशवे दप्तरात कापडी रुमालांत बांधलेले आजही अभ्यासकाला पाहता येतात. इंग्रजी अमदानीत न्यायाची रचना समूळ बदलली, तरी तिची भाषा मात्र बरीचशी तीच राहिली: फिर्याद, जबाब, मुद्देमाल, रोजनामा, नक्कल, नाझर, शिरस्तेदार हे शब्द आजच्या न्यायालयातही दिवसभर कानावर पडतात. यांतल्या फिर्याद या शब्दाचा फारसीतला मूळ अर्थ 'धावा' असा, म्हणजे साहाय्यासाठी मारलेली हाक असा आहे, आणि तो ध्यानात ठेवण्यासारखा आहे. कारण हाक ऐकू आली म्हणजे निर्णय झाला असे कोणी समजत नाही, आणि फिर्याद नोंदली गेली म्हणजे मात्र पुष्कळजण तसे समजतात.

आपल्या शोधाचा पहिला कागद पोलीस ठाण्यात, ठाणे अंमलदाराच्या टेबलावर जन्म घेतो. गुन्हा दखलपात्र असेल तर प्रथम खबर अहवाल, ज्याला शहरात आणि खेड्यात सर्वजण एफआयआर म्हणतात, तो लिहिला जातो. अदखलपात्र असेल तर त्याची वेगळ्या वहीत केवळ नोंद होते आणि लोकभाषेत 'एन.सी. झाली' असे म्हणतात. दखलपात्र गुन्ह्याला मिळणारा गुन्हा रजिस्टर नंबर, संक्षेपाने गु.र.नं., हा दर वर्षी एकपासून सुरू होतो, आणि म्हणून ठाण्याचे नाव, हा क्रमांक व वर्ष अशी तीन अंगे मिळूनच त्याची ओळख पुरी होते. ही तीन माहितीची अंगे ज्याच्याजवळ आहेत, त्याला पुढचा सर्व मार्ग मोकळा आहे. ज्याच्याजवळ केवळ आरोपीचे नाव आहे, त्याच्या वाट्याला पुष्कळ हेलपाटे येतात. वृत्तपत्रातल्या बातमीत गु.र.नं. क्वचित असतो, पण ठाण्याचे नाव आणि तारीख बहुधा असते, आणि तेवढ्यावरून क्रमांक शोधता येतो.

तो शोधण्याची सोय ७ सप्टेंबर २०१६ च्या एका आदेशाने झाली. 'यूथ बार असोसिएशन ऑफ इंडिया' या संस्थेच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने त्या दिवशी असे फर्माविले, की प्रथम खबर अहवाल नोंदल्यापासून चोवीस तासांच्या आत तो पोलिसांच्या संकेतस्थळावर चढवावा. जेथे दळणवळणाची अडचण असेल तेथे ही मुदत अठ्ठेचाळीस तासांपर्यंत आणि अगदी दुर्गम भागात बहात्तर तासांपर्यंत वाढविता येईल. लैंगिक अत्याचार, दहशतवाद, बंडखोरी, बालकांवरील लैंगिक गुन्हे अशा संवेदनशील प्रकरणांना त्यातून वगळले आहे, आणि वगळण्याचा निर्णय उपअधीक्षकाच्या खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने घ्यावयाचा नाही असेही बंधन घातले आहे. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर जिल्हा, ठाणे आणि तारीख निवडली, की त्या ठाण्याचे प्रसिद्ध झालेले अहवाल समोर येतात. फिर्यादीला त्याची प्रत विनामूल्य मिळते. पूर्वी हे सारे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १५४ खाली चाले. १ जुलै २०२४ पासून तिची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली आणि १५४ चे १७३ झाले. जुन्या कागदांवर जुने कलम आणि नव्यांवर नवे, असा हा दुहेरी संसार अजून काही वर्षे चालणार असल्याने शोधणाऱ्याने दोन्ही आकडे जवळ बाळगावेत.

अहवाल हाती आला, तरी तो वाचण्याची एक रीत आहे. त्यात जे लिहिलेले असते ते फिर्यादीचे म्हणणे असते. अंमलदाराने ते खरे मानलेले नसते, केवळ उतरवून घेतलेले असते. आरोपींच्या रकान्यात कधी सहा नावे असतात, कधी 'अज्ञात इसम' एवढेच असते, आणि नाव असलेल्यांपैकी सर्वांना अटक होते असेही नाही. उलट ज्याचे नाव अहवालात कोठेही नाही, असा माणूस तपासात निष्पन्न होऊन पकडला जातो. म्हणून अटकेची माहिती हा स्वतंत्र कागद समजावा.

अटकेचे कागद उजेडात आणण्याचे श्रेय ज्या खटल्यांना जाते, त्यांतला एक मुंबईचा आहे. पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या मध्यवर्ती कारागृहात पंधरा स्त्री-बंदिवानांच्या मुलाखती घेतल्या. त्यांपैकी पाचजणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले. बारसे यांनी सर्वोच्च न्यायालयाला लिहिलेले पत्र न्यायालयाने याचिका म्हणून दाखल करून घेतले आणि फेब्रुवारी १९८३ मध्ये स्त्रियांसाठी स्वतंत्र कोठड्या असाव्यात, अटक होताच नातेवाइकांना व विधिसाहाय्य समितीला कळवावे, असे निर्देश दिले. तेरा वर्षांनी, १८ डिसेंबर १९९६ रोजी, पश्चिम बंगालमधल्या डी. के. बासू यांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने अकरा नियम घालून दिले. अटकेचे लेखी ज्ञापन तयार करावे, त्यावर कुटुंबातल्या किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्ष व अटक झालेल्याची सही असावी, आणि बारा तासांच्या आत अटकेची व कोठडीच्या जागेची माहिती जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षास कळवून ती तेथल्या फलकावर ठळकपणे लावावी, हे त्यांतले आपल्या कामाचे नियम. नव्या संहितेच्या कलम ३७ ने एक पाऊल पुढे टाकले आहे: प्रत्येक ठाण्यात आणि जिल्ह्याच्या मुख्यालयात सहायक उपनिरीक्षकाच्या दर्जाहून कमी नसलेला एक अधिकारी या कामासाठी नेमावयाचा आणि अटक झालेल्यांची नावे, पत्ते व गुन्ह्याचे स्वरूप फलकावर अथवा संगणकीय माध्यमातून प्रदर्शित करावयाचे, असे ते कलम सांगते.

फलक अस्तित्वात असतोच. माझ्या पाहण्यातल्या एका ठाण्यात तो आवक-जावक टेबलाच्या मागे, पाण्याच्या पिंपाच्या वर टांगलेला होता, आणि त्याच्यावरची शेवटची तारीख पावसाळ्यापूर्वीची होती. अशा वेळी वाद न घालता, कलमाचा आकडा नमूद करून ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याच्या नावे लेखी अर्ज द्यावा आणि आपल्या प्रतीवर पोचीचा शिक्का घ्यावा. नातलग बेपत्ता आहे आणि त्याला पोलिसांनी नेले असावे असा संशय आहे, अशी निकड असेल, तर माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ७ मधली एक तरतूद फार मोलाची आहे: व्यक्तीच्या जीविताशी वा स्वातंत्र्याशी निगडित माहिती तीस दिवसांत नव्हे, तर अठ्ठेचाळीस तासांत द्यावी लागते. अर्जाचे शुल्क दहा रुपये. महाराष्ट्राच्या नियमांनी अर्जाला दीडशे शब्दांची मर्यादा घातली आहे, आणि मराठी माणसाच्या अर्ज लिहिण्याच्या जुन्या सवयी पाहता ती मर्यादा अगदीच अनाठायी आहे असे म्हणवत नाही. तपासाला बाध येईल अशी माहिती मात्र पोलीस याच अधिनियमाच्या कलम ८ चा आधार घेऊन नाकारू शकतात.

अटकेनंतर चोवीस तासांच्या आत, प्रवासाचा वेळ वगळून, आरोपीला दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावेच लागते. ही संविधानाच्या बाविसाव्या अनुच्छेदाची आज्ञा आहे. येथून कागद न्यायालयाच्या दप्तरात शिरतो खरा, पण नवख्याची पहिली फसगतही येथेच होते. आज अटक झाली म्हणून उद्या संगणकावर खटल्याचा क्रमांक शोधू गेले, तर तो सापडत नाही. कारण खटला अद्याप जन्मालाच आलेला नसतो. गुन्ह्याच्या गांभीर्याप्रमाणे साठ किंवा नव्वद दिवसांत पोलिसांनी दोषारोपपत्र सादर न केल्यास कोठडीतल्या आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो, म्हणून ते बहुधा त्या मुदतीच्या काठावर येते, आणि ते दाखल झाल्यावरच आर.सी.सी., म्हणजे नियमित फौजदारी खटला, किंवा एस.सी.सी., म्हणजे संक्षिप्त फौजदारी खटला, असा क्रमांक पडतो. मधल्या दोन-तीन महिन्यांत दिसलाच तर सत्र न्यायालयातला जामीन अर्ज दिसतो. पुढे गुन्हा सत्र न्यायालयाच्या अधिकारातला असेल तर प्रकरण तिकडे वर्ग होऊन त्याला नवा सत्र खटला क्रमांक मिळतो, आणि जुन्या क्रमांकावर शोधणारा माणूस 'प्रकरण निकाली' असे वाचून आरोपी सुटला अशी समजूत करून घेतो. तो सुटलेला नसतो. त्याचा कागद वरच्या मजल्यावर गेलेला असतो.

सगळ्याच गुन्ह्यांचे खटले होतात असेही नाही. महाराष्ट्रात तपासाअंती पोलीस दंडाधिकाऱ्याकडे 'समरी' मागतात, आणि तिचे तीन प्रकार ठाण्यातला नवा शिपाईही तोंडपाठ सांगतो. गुन्हा खरा पण आरोपी सापडत नाही वा पुरावा मिळत नाही, ती 'अ' समरी. फिर्याद दुष्ट हेतूने केलेली, खोटी ठरली, ती 'ब' समरी. आणि गैरसमजुतीने दिलेली किंवा मुळात दिवाणी स्वरूपाची निघाली, ती 'क' समरी. ज्या गुन्ह्याचा गवगवा वर्षभर चालला, त्याचा शेवट 'ब' समरीत झाल्याचे गावाला कळत नाही, कारण समरीची बातमी कोणी छापत नाही.

आता न्यायालयांच्या संगणकाकडे वळू. सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीच्या प्रेरणेने २००७ पासून ई-न्यायालय प्रकल्प सुरू झाला, आणि त्याचे फळ असे, की आज जिल्हा व तालुका न्यायालयांतल्या प्रकरणांची स्थिती घरबसल्या, विनाशुल्क पाहता येते. प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षरांकांचा एक सीएनआर क्रमांक असतो: आरंभीची दोन अक्षरे राज्याची, पुढची दोन जिल्ह्याची, मग दोन अंक न्यायालयाच्या आस्थापनेचे, सहा अनुक्रमाचे आणि शेवटचे चार वर्षाचे. तो ठाऊक असल्यास काही क्षणांत सर्व तपशील समोर येतो. ठाऊक नसल्यास खटल्याचा क्रमांक, वकिलाचे नाव, पक्षकाराचे नाव, किंवा पोलीस ठाणे व गु.र.नं. यांवरून शोधता येते, आणि यांतला शेवटचा मार्गच माझ्या मते सर्वांत निर्धोक आहे. नावावरून शोधण्यातले धोके मराठी माणसाला अधिक सांगायला नकोत. दीक्षित हे आडनाव रोमन लिपीत एक कारकून 'एक्स' घालून लिहितो, दुसरा तीन अक्षरे खर्चून लिहितो. शिंदे, जाधव, पवार या आडनावांच्या माणसांनी तर एकेक तालुका भरलेला असतो, आणि त्यांत चुलत-चुलत भावांची नावे एकाच आजोबांवरून ठेवलेली असतात. आपल्या नावात मधोमध वडिलांचे नाव येते, हीच काय ती आपल्या पूर्वजांनी नोंदशास्त्रावर केलेली कृपा. ते जुळल्यावाचून, आणि शक्य तर वय व गाव जुळल्यावाचून, सापडलेला माणूस आपलाच आहे असे मानू नये.

प्रकरण सापडले, की पडद्यावर कलमे, पक्षकार, वकील, न्यायाधीशांचे पद, पुढची तारीख आणि टप्पा दिसतो, आणि त्याखाली आजवरच्या सर्व तारखांचा इतिहास असतो. तो वाचताना एकीकडे मौज वाटते आणि दुसरीकडे मन खिन्न होते. 'समन्स', 'हजेरी', 'दोषारोप', 'पुरावा', पुन्हा 'पुरावा', 'वॉरंट', पुन्हा 'पुरावा' असे शब्द वर्षानुवर्षे एकाखाली एक उतरत जातात, आणि त्यांतून एखाद्या साक्षीदाराचे चार वर्षांचे न येणे जसे दिसते, तसे एखाद्या निवृत्त फौजदाराचे दूरच्या जिल्ह्यातून येऊन साक्ष देऊन जाणेही दिसते.

तरीही संगणकाने न्यायालयाची पायरी अनावश्यक केलेली नाही. फौजदारी न्यायालय हे उघडे न्यायालय आहे. जागा असेल तोवर कोणीही आत बसून ऐकावे, हा नियम, आणि दार लावून चौकशी हा अपवाद. हा अपवाद किती ताणता येतो याचा सर्वांत गाजलेला निर्णयही मुंबईतल्याच प्रकरणावर झाला. 'ब्लिट्झ' साप्ताहिकाच्या संपादकांवरील अब्रुनुकसानीच्या दाव्यात एका साक्षीदाराने, आपली साक्ष छापून आल्यास व्यापारात नुकसान होईल, अशी विनंती केली आणि न्यायमूर्ती वि. म. तारकुंडे यांनी ती छापू नये असे तोंडी फर्मावले. त्याविरुद्ध वार्ताहर नरेश श्रीधर मिराजकर सर्वोच्च न्यायालयात गेले. १९६६ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने मिराजकरांची याचिका फेटाळली, पण फेटाळताना न्यायदान उघड्यावरच झाले पाहिजे हे तत्त्वही निःसंदिग्ध शब्दांत सांगितले. खटला हरलेल्या वार्ताहराच्या नावाने ते तत्त्व आज उद्धृत होते, हा कायद्याच्या इतिहासातला एक गमतीदार न्याय होय.

सकाळी न्यायकक्षाच्या दाराशी त्या दिवसाचा 'बोर्ड' लावतात, शिपाई नावांचा पुकारा करतो, आणि आत बसलेला लिपिक त्या दिवशी काय घडले ते रोजनाम्यात लिहितो. रोजनामा हा माझ्या दृष्टीने न्यायालयातला सर्वांत प्रामाणिक कागद. त्यात वक्तृत्वाला वाव नसतो. 'आरोपी हजर. साक्षीदार गैरहजर. सरकारतर्फे मुदत अर्ज. मंजूर.' १९९८ पासून महाराष्ट्रातल्या जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी ठरविलेली असल्याने रोजनामा बहुधा मराठीतच असतो, आणि अक्षर लागले तर कोणालाही समजतो.

अंतिम निकालाची प्रत आता बहुतेक वेळा संकेतस्थळावर मिळते, पण ज्या कागदावर विसंबून काही व्यवहार करावयाचा, तो प्रमाणित असावा लागतो. त्याला नक्कल म्हणतात आणि ती देणारा स्वतंत्र विभाग प्रत्येक न्यायालयात असतो. पक्षकाराला ती सहज मिळते, आणि फौजदारी खटल्यात शिक्षा झालेल्या आरोपीला निकालाची एक प्रत विनामूल्य द्यावी लागते. परक्या माणसाला मात्र कारण सांगावे लागते. गुजरात उच्च न्यायालयाच्या नियमांवरून उद्भवलेल्या एका वादात सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी असे ठरविले, की न्यायालयीन अभिलेखाच्या प्रती माहिती अधिकाराखाली मागता येणार नाहीत. त्या प्रती संबंधित उच्च न्यायालयाच्या नियमांप्रमाणेच, त्रयस्थाने शपथपत्रावर प्रयोजन नमूद करून, मागाव्यात. दोषारोपपत्राचे दार त्याहून घट्ट आहे: २० जानेवारी २०२३ च्या निर्णयानुसार ते सार्वजनिक दस्तऐवज ठरत नाही आणि संकेतस्थळावर चढविता येत नाही. तपास अधिकाऱ्याची केस डायरी तर आरोपीलाही पाहायला मिळत नाही.

बालकांच्या बाबतीत दार पूर्णच बंद आहे, आणि ते तसेच असावे. अठरा वर्षांखालील मुलाची ओळख उघड करणे, मग ते पीडित असो वा विधिसंघर्षग्रस्त, २०१५ च्या बालन्याय अधिनियमाने गुन्हा ठरविले आहे. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेचे नाव छापणे हाही गुन्हाच आहे.

उलट एका वर्गाने आपले दप्तर स्वतः उघडून ठेवावे असे कायदाच सांगतो. २ मे २००२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून विधानसभेच्या व लोकसभेच्या उमेदवाराला आपल्यावरील खटल्यांचे शपथपत्र द्यावे लागते, आणि २०१८ पासून तो तपशील वृत्तपत्रांत प्रसिद्धही करावा लागतो. त्या शपथपत्रात न्यायालय, खटला क्रमांक आणि कलमे नमूद असतात. ते क्रमांक घेऊन ई-न्यायालयाच्या संकेतस्थळावर बसण्यासारखा निवडणुकीच्या दिवसांतला दुसरा उपयुक्त विरंगुळा मला ठाऊक नाही. भाडेकरू, गडी, वाहनचालक यांच्यासाठी मात्र हा उद्योग करू नये. त्यासाठी पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला मिळण्याची रीतसर सोय आहे आणि त्यात त्या माणसाची संमतीही असते.

हे मी का म्हणतो, ते एका प्रसंगावरून सांगतो. आमच्या ओळखीच्या एका शाळेत मुलांची गाडी चालविण्यासाठी एक तरुण अर्ज घेऊन गेला. कोणा उत्साही पालकाने पोलिसांच्या संकेतस्थळावरून २०१७ मधला एक प्रथम खबर अहवाल काढून आणला. शेताच्या बांधावरून झालेल्या हाणामारीचा तो गुन्हा होता आणि आरोपींच्या सहा नावांत शेवटचे नाव या तरुणाचे होते. वडिलांचे नाव जुळत होते, गाव जुळत होते. अर्ज तेथेच थांबला. तरुण माझ्याकडे आला तेव्हा त्याचे म्हणणे एवढेच होते, की मला त्या प्रकरणात कधी समन्स आले नाही, मी कधी तारखेला गेलो नाही. आम्ही ठाणे, क्रमांक आणि वर्ष घालून शोधले. खटला सापडला, २०२२ मध्ये निकाली निघालेला, आरोपी पाच. सहाव्याविरुद्ध पुरावा नसल्याने तपासातच त्याला वगळले होते, जुन्या संहितेच्या कलम १६९ प्रमाणे. त्याला ते कोणी कळविलेले नव्हते.

आम्ही तालुका न्यायालयाच्या नक्कल विभागात गेलो. खिडकीतल्या बाईंनी विचारले, "पक्षकार आहात?" तो म्हणाला, "नाही, बाई. तेच तर पाहिजे आहे." मग मान खाली घालून त्याने विचारले, "नाव नसल्याचा कागद मिळतो का हो?" बाई हसल्या नाहीत. त्यांनी खटला क्रमांक लिहून घेतला, शपथपत्राचा नमुना कोठे मिळेल ते सांगितले, आणि कोर्ट फी स्टॅम्प कोणत्या कोपऱ्यात लावायचा ते बोटाने दाखविले. अभिलेख कक्षातून, लाल कापडात बांधलेल्या गठ्ठ्यातून, ते प्रकरण वर यायला नऊ दिवस लागले.

नक्कल आठ पानांची आहे. पहिल्या पानावर सरकार विरुद्ध पाच नावे, वय, धंदा, राहणार अशी ओळीने उतरलेली आहेत. शेवटच्या पानामागे अर्ज केल्याची, नक्कल तयार झाल्याची आणि दिल्याची अशा तीन तारखा आणि गोल मोहोर आहे. त्या तरुणाने ती वाहन परवान्याच्या प्लॅस्टिकच्या पाकिटात घडी घालून ठेवली आहे. संकेतस्थळावरचा प्रथम खबर अहवाल परवा मी पुन्हा उघडून पाहिला. तो तसाच आहे आणि त्यात सहा नावे आहेत.